उजवा म्हणजे कोणता

रकाना १. घटनेची तारीख. एकच तारीख निवडा.

मंजिरी इथेच अडली. घटना मार्चमध्ये सुरू झाली, जूनमध्ये संपली आणि कळली आज, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेअकराला. अगदी मुळाशीच जायचं तर ती घडली होती वीस वर्षांपूर्वी, न्यूपोर्टमधल्या एका जेवणाच्या टेबलावर, लॅबमधली ईशानी चार वर्षांची असताना. फॉर्ममधलं कॅलेंडर मात्र दोन वर्षांच्या पलीकडे मागे सरकायला तयार नव्हतं.

तिने आजची तारीख टाकली. लगेच फॉर्मने लाल अक्षरांत विचारलं, जखमी व्यक्तीला प्रथमोपचार मिळाले का?

‘लागू नाही’ दाबताना माऊसचा जरा जास्तच आवाज झाला. पलीकडच्या टेबलावरून गॅरेथने मान वर केली. गॅरेथ लॅबचा मॅनेजर. चूक झाली की आधी फॉर्म भरायचा, मग डोकं आपटायचं, हा त्याचा नियम. नियम सांगताना त्याचा आवाज कधी चढत नसे, आणि आज मंजिरीला त्याचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

रकाना २. काय घडलं? कमाल शंभर शब्द.

शंभर शब्दांत काय डोंबल सांगणार?

आधी दात सांगायला हवेत. तारा लावून दात ओढला की तो हाडातून हळूहळू सरकतो. ज्या बाजूला सरकतो तिकडचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. इथपर्यंत ठीक. पण हाड विरघळवणाऱ्या पेशी कधीकधी दाताच्या मुळालाही सोडत नाहीत. मुळावर बारीक खड्डे पडतात, लोकरीच्या स्वेटरला कसर लागावी तसे. फार पडले तर मूळ आखूड होतं, आणि एकदा आखूड झालेलं मूळ पुन्हा वाढत नाही.

प्रोफेसर हॅलम यांचं म्हणणं असं की दात पाच दिवस ओढा, दोन दिवस सोडा. त्या दोन दिवसांत मूळ आपले खड्डे आपणच बुजवून घेतं. त्यासाठी त्यांनी एक स्प्रिंग बनवली होती. हे म्हणणं ते बावीस वर्षं मांडत होते आणि ते खरं की खोटं हे दाखवण्यासाठी कार्डिफच्या खाडीजवळ तीन खोल्यांची त्यांची संशोधन-संस्था होती. मंजिरी तिथली पॅथॉलॉजिस्ट. चार वर्षांपूर्वी नागपूरहून आली, तेव्हापासून ती लहान मुलांच्या दातांची मुळं मायक्रोस्कोपखाली मोजत होती.

दातांची दाटी असल्यामुळे ज्यांचे वरचे दोन दात, एक उजवीकडचा आणि एक डावीकडचा, काढावेच लागणार होते, अशी सव्वीस मुलं निवडली होती. काढण्याआधी आठ आठवडे एका बाजूला स्प्रिंग लावायची, दुसऱ्या बाजूला काही नाही. कोणती बाजू, ते नाणं उडवून ठरायचं आणि ती यादी क्लिनिककडे बंद राहायची. मग दोन्ही दात काढून दोन बाटल्यांतून लॅबकडे. प्रत्येक बाटलीवर मुलाचा नंबर आणि बाजू.

लॅबमध्ये तो दात बाटलीतून काढून कॅसेटमध्ये ठेवायचा. कॅसेट म्हणजे काड्यापेटीएवढी, जाळीची, प्लास्टिकची डबी. तिच्या कडेवर नंबर आणि बाजू शिसपेन्सिलने लिहायची, कारण पेनाची शाई पुढच्या रसायनांत धुऊन जाते. कॅसेट आधी कित्येक आठवडे आम्लात, मग दात मेणात, मग केसाहून पातळ काप. एकदा कॅसेट बंद झाली की दाताची ओळख उरते ती त्या पेन्सिलीच्या अक्षरांत.

मंजिरीचे हातमोजे फॉर्मॅलिनने भिजलेले, त्यामुळे ती बाटलीवरचं मोठ्याने वाचायची आणि दुसरं माणूस लिहायचं. लिहून झालं की त्याने परत वाचून दाखवायचं. पहिली पंधरा मुलं अशी गॅरेथबरोबर पार पडली, इंग्लिशमध्ये. सोळाव्यापासून लिहायला ईशानी आली.

आणि ईशानीला मराठी शिकायचं होतं. गेल्या डिसेंबरात पुण्यात चुलतभावाच्या लग्नात ती ‘मी आला’ म्हणाली आणि अख्खा हॉल हसला. लॅबमध्ये आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मंजिरीला गाठलं.

“मंजिरीताई, तू माझ्याशी फक्त मराठी बोल. काम करताना पण. नाहीतर मी कधी शिकणार नाही.”

मंजिरी विरघळलीच. चार वर्षांत लॅबमध्ये तिला कोणी ताई म्हटलं नव्हतं. गॅरेथलाही विचारलं. त्याच्या पणजोबांना वेल्श बोलल्याबद्दल शाळेत छडी बसलेली, त्यामुळे दुसऱ्याच्या भाषेच्या आड तो कसा येणार? नुसती एक अट घातली, की आकडे चुकायचे नाहीत. म्हणून मंजिरीने महिनाभर ईशानीकडून आकडे घोटून घेतले. सोळा ते सव्वीस, सुलटे, उलटे, मधूनच. मराठी आकड्यांत भलेभले गडबडतात हे तिला माहीत होतं. ईशानी एकदाही चुकली नाही. मग दोघी कामाला लागल्या.

“सोळा, उजवा,” मंजिरी बाटली बघून म्हणायची.

“सोळा, उजवा,” ईशानी कॅसेट बघून वाचायची.

मंजिरी मान डोलवायची आणि पुढची बाटली घ्यायची. अकरा मुलं, बावीस दात, बावीस वेळा वाचून दाखवलं, बावीस वेळा मान डोलली. कॅसेटवर मात्र ईशानीने दर वेळी

शब्दमर्यादा संपली. कृपया पुढील रकान्यावर जा.

रकाना ३. चूक प्रथम कशी लक्षात आली?

दर वेळी उजव्याच्या जागी लेफ्ट लिहिलं होतं आणि डाव्याच्या जागी राइट. फॉर्मला हे वाक्य इथे चालतंय का, याची मंजिरीने पर्वा केली नाही.

लक्षात येण्याचं श्रेय जायला हवं एका अनोळखी माणसाला. जर्नलकडे पेपर जवळजवळ स्वीकारला गेला होता. निकालही असा की हॅलमनी सगळ्या स्टाफला केक आणला. स्प्रिंग लावलेल्या आणि न लावलेल्या दातांच्या खड्ड्यांत फरक नाही. म्हणजे स्प्रिंग मुळाला काहीही करत नाही. बावीस वर्षांचं म्हणणं खरं. दुरुस्त्या करून शुक्रवारी परत पाठवला की झालं. फक्त दोन परीक्षकांपैकी एकाला एक जादा आलेख हवा होता. सव्वीस मुलं सरासरीत नकोत, आली त्या क्रमाने एकेक ठिपका म्हणून दाखवा.

मंजिरीने कटकट करत तो आलेख काढला. पहिले पंधरा ठिपके रेषेच्या वर, म्हणजे स्प्रिंगवाल्या दाताला खड्डे जास्त. सोळाव्यापासून अकराच्या अकरा रेषेच्या खाली, म्हणजे ज्याला कोणी हात लावला नव्हता त्या दातालाच खड्डे जास्त. जणू सोळाव्या मुलापासून वेल्समधल्या मुलांचे दात उलट्या कायद्याने चालायला लागले होते. वरखाली एकत्र करून सरासरी काढली की जवळपास शून्य. केक त्या शून्याचा होता.

तिने आधी स्प्रिंगच्या लॉटवर संशय घेतला, मग क्लिनिकवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर. सोळाव्याच्या कापांच्या काचा पुन्हा बघाव्यात म्हणून ईशानीला सांगितलं, उजवीकडच्या कपाटातून ट्रे आण. ईशानीने डावीकडचं कपाट उघडलं आणि आत शोधत बसली.

“अगं, उजवीकडच्या.”

“हो, त्यातच बघते ना.”

मंजिरी खुर्चीवरून अर्धी उठली होती. ती तशीच थांबली.

“ईशानी, तुझा उजवा हात वर कर.”

ईशानीने डावा हात वर केला. शाळेतल्यासारखा सरळ, कोपर न वाकवता.

“आणि डावा?”

तिने उजवा वर केला. आता दोन्ही हात वर होते आणि ती मंजिरीकडे अशी बघत होती की हा खेळ तिला समजत नाहीये, पण खेळायला हरकत नाही.

मंजिरीने सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. लेफ्ट-राइट तिला लख्ख येत होतं. शाळेत सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीने शिकलेल्या वेल्शमध्येसुद्धा येत होतं. मग मराठीतच कसं चुकेल? तिने तिथल्या तिथे आजीला फोन लावला, स्पीकरवर. शैलाआजी न्यूपोर्टला भाजी निवडत बसल्या होत्या.

“आजी, उजवा हात कुठला?”

 आजी म्हणाल्या, “तू ज्याने जेवत नाहीस तो.”

ईशानी डावखुरी. मंजिरीने तिला डाव्या हातात पेन्सिल धरलेली रोज पाहिली होती.

“पण मी जेवायचा हात पुढे केला की तू म्हणायचीस, उजवा, उजवा.”

“मग? दुसरा पुढे करावास म्हणून म्हणायचे. प्रसाद घेताना, पाया पडताना, पैसे घेताना. जन्मभर सांगून दमले. का, काय झालं?”

ईशानीने काही झालं नाही म्हणून फोन ठेवला. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. चार वर्षांची पोर हात पुढे करते, मोठं माणूस त्या हाताकडे बघून एक शब्द म्हणतं, आणि पोर धरून चालते की ह्या हाताचं नाव ते. तो शब्द त्या घराबाहेर कुठेच नव्हता, मग चुकीचा ठरवणार कोण? इंग्लिश तिला शिकवलं होतं, वेल्श शिकवलं होतं. मराठीत तिला नुसतं टोकलं होतं.

गॅरेथला यातलं एक अक्षर कळलं नाही. मंजिरीने इंग्लिशमध्ये सांगितल्यावर त्याने फॉर्मची लिंक पाठवली.

रकाना ४. मूळ कारण. एक निवडा: यंत्र, साहित्य, माणूस, प्रक्रिया.

आजी नव्हती. डावखुरेपणा नव्हता. भाषा नव्हती. ‘इतर’सुद्धा नव्हतं.

गॅरेथ म्हणाला, ‘प्रक्रिया’ टाक. मग कोणाचंच नाव येत नाही, समिती एक नियम करते आणि प्रकरण मिटतं. मंजिरीने विचारलं, नियम कोणता? त्याने खांदे उडवले. दोघांनाही माहीत होतं कोणता. लॅबमध्ये फक्त इंग्लिश.

म्हणजे बावीस दातांपायी तिने ईशानीचं मराठी बंद करायचं आणि वर फॉर्मवर सही करायची. आणि न करावी तर? तिचा सगळा वैताग फॉर्ममधल्या त्या चार पर्यायांवर येऊन थांबला. तिने ‘माणूस’ निवडलं.

‘माणूस’ निवडल्यास रकाना ७ वर जा.

रकाना ७. संबंधित व्यक्तीचं नाव. एकच नाव लिहा.

“माझा नाव लिही,” ईशानी मागून म्हणाली. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. नाक लाल झालं होतं.

“माझं नाव.”

“ताई, आता पण करेक्ट करतेस?”

“सवय आहे.” मंजिरीने खुर्ची फिरवली. “आणि रडू नकोस. मला रडायला वेळ नाहीये, तर तुलाही नाही.”

“मी मुद्दाम नाही केला. मला खरंच वाटलं की मला येतं.”

“मलाही वाटलं की तुला येतं. तेच तर.”

मंजिरीला ईशानीवर चिडायचं होतं. सकाळपासून त्याची तयारी चालली होती. पण राग तिच्यापर्यंत पोचायच्या आतच कुठेतरी अडखळत होता. लॅबच्या नियमांच्या फायलीत स्पष्ट लिहिलं होतं की तपासणाऱ्याने कॅसेटवरचं लेबल पाहावं. पाहावं, ऐकावं नाही. गॅरेथबरोबर ती दर वेळी वाकून पाहायची, कारण गॅरेथचं अक्षर गचाळ. ईशानीबरोबर तिने नुसतं ऐकलं. त्या मुलीच्या तोंडून ‘उजवा’ ऐकताना तिला बरं वाटायचं. उच्चार सुधारतोय, ‘ज’ अगदी नीट निघतो, हेच तिच्या मनात असायचं. बावीस वेळा तिने मान डोलवली ती उच्चाराला.

महिनाभर आकडे घोटून घेणारी बाई, आणि डावं-उजवं विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. ते कोणाला येत नसेल असं वाटलंच नाही.

तिने रकान्यात स्वतःचं नाव टाईप केलं. फॉर्मने विचारलं, फॉर्म भरणारी व्यक्ती आणि संबंधित व्यक्ती एकच आहे, खात्री आहे का? तिने ‘हो’ दाबलं. फॉर्मने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा ‘हो’ दाबलं. मग फॉर्म तिला मागे घेऊन गेला, कारण मधले दोन रकाने राहिले होते.

रकाना ५. पुरावा जोडा.

पुरावा काय जोडणार? आजीचा फोन?

गॅरेथचा मुद्दा रास्तच होता. एक मुलगी म्हणते की माझं उलटं व्हायचं. दर वेळी झालं असेल कशावरून? अकरातली आठच उलटी असतील तर? दोघींच्या शब्दावर अकरा मुलांचे निकाल पालटता येत नाहीत. आणि काचेवरच्या कापावरून बाजू ठरत नाही. कापताना पातळ पापुद्रा पाण्यावर तरंगतो, उलटा होऊन काचेवर बसला तरी कळत नाही.

पण कापून उरलेला दात अजून मेणात होता.

काढलेले सगळे दात वरचे चौथे होते, मधून मोजले तर, आणि तो दात आपली बाजू लपवू शकत नाही. त्याच्या पुढच्या अंगाला, मुळाच्या मानेशी, एक खळगी असते. खळगी पुढे आणि गालाकडची बाजू बाहेर असा धरला की तो डावीकडचा की उजवीकडचा हे बोटांनाच कळतं. वरचं कवच आम्लात गेलं होतं, आकार शाबूत होता. मेणाचे बावीस ठोकळे वितळवायचे, बावीस दात हातात घेऊन बघायचे.

मंजिरीने अट घातली की तिला एकही लेबल दिसता कामा नये. गॅरेथने ठोकळे एकेक करून गरम केले, मेण निथळवलं आणि दात नंबराशिवाय तिच्यासमोर ठेवले. ती इंग्लिशमध्ये बाजू सांगायची, ईशानी इंग्लिशमध्ये लिहायची, आणि गॅरेथ ती चिठ्ठी जुन्या लेबलाशेजारी ठेवायचा. कोणीही एक शब्द जादा बोललं नाही. चहा निवला. दुपारचे अडीच वाजले.

मंजिरीच्या मनात तोवर एक आशा होती, आणि त्या आशेची तिला लाज वाटत होती. निम्मे तरी बरोबर निघावेत. निम्मे बरोबर, निम्मे चूक निघाले तर अर्थ एवढाच की कशालाच काही अर्थ नाही. मग अकरा जोड्या बाद होतील, मुलं पुन्हा गोळा करा, पुढच्या वर्षी पाहू, असं होईल. निदान आज काही ठरणार नाही.

गॅरेथने शेवटची चिठ्ठी ठेवली आणि मागे सरकला. बावीसपैकी बावीस उलटे. एकही चुकून बरोबर नव्हता.

“मी खूप कन्सिस्टंट आहे,” ईशानी बारीक आवाजात म्हणाली. गॅरेथला हा एक शब्द समजला आणि तो हसला. मंजिरीला हसू आलं नाही.

तिने बाजू पालटून आलेख पुन्हा काढला. सव्वीसच्या सव्वीस ठिपके रेषेच्या वर, एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखे. इतका स्वच्छ निकाल तिने आयुष्यात पाहिला नव्हता. दोन दिवसांच्या सुट्टीत मूळ काहीही बुजवून घेत नव्हतं. स्प्रिंग मूळ खात होती, प्रत्येक मुलाचं.

रकाना ६. परिणामाची तीव्रता. किरकोळ, मध्यम, गंभीर.

हे ठरवण्याआधी हॅलमना फोन करणं भाग होतं. ते घरी होते. मंजिरीने सगळं सांगितलं, आजीसकट. त्यांनी मध्येच तोडलं नाही. ते नेहमीच नीट ऐकून घेत, मग बोलत, आणि आवाजात कायम थोडी माया असायची. भांडायला त्यांच्याइतका गैरसोयीचा माणूस दुसरा नव्हता.

खात्री आहे का, असं त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग म्हणाले, “मंजिरी, काय जास्त शक्य वाटतं? माझी बावीस वर्षं चुकली, की एका मुलीला डावं-उजवं कळत नाही?”

“दोन्ही खरं आहे, प्रोफेसर.”

 मग त्यांनी हिशेबी बोलणं सुरू केलं, तेही मायेनेच. पेपर शुक्रवारी आहे तसा जाऊ द्यावा. फॉर्म समितीकडे जाईल, समिती जानेवारीत बसेल, तिने सांगितलं की रीतसर दुरुस्ती छापू. घाईने काही मागे घेतलं तर लोक सगळ्याच कामावर शंका घेतात. आणि मंजिरीचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, लेक्चररच्या जागेची मुलाखत फेब्रुवारीत, व्हिसा त्या जागेवर, आणि ती जागा ह्या पेपरवर. हे ते धमकी म्हणून सांगत नव्हते. त्यांना खरंच काळजी होती, आणि त्यामुळे ते ऐकणं आणखीच कठीण होतं. धमकी असती तर तिला तडकून बोलता आलं असतं.

“आणि स्वानसीच्या क्लिनिकला मी सांगेन,” ते शेवटी म्हणाले. “सावकाश.”

“काय सांगाल?”

“त्यांनी पेपर छापून यायची वाट पाहायची नाही असं ठरवलंय. परवापासून स्प्रिंग लावणार आहेत. आठ मुलं आहेत, मला वाटतं.”

मंजिरीने विचारलं, ह्या मुलांचेही ते दात नंतर काढायचेत का? नाही, ते म्हणाले. ही नेहमीची मुलं. यांचे दात तोंडातच राहणार.

तिने आभार मानून फोन ठेवला. आभार का मानले, हे तिचं तिलाही कळलं नाही. ‘गंभीर’ दाबलं. फॉर्मने सांगितलं की ‘गंभीर’ निवडल्यास विभागप्रमुखाची परवानगी जोडावी. विभागप्रमुख हॅलम होते. तिने फॉर्म तसाच उघडा ठेवला आणि शुक्रवारची वाट न बघता जर्नलच्या संपादकाला चार ओळी लिहिल्या: लेबलांत चूक सापडली आहे, निकाल उलटतो, पेपर थांबवा. नवा आलेख जोडला. हॅलमना प्रत टाकली. पाठवल्यावर तिने कॅलेंडरवर मार्चपर्यंतचे आठवडे मोजले.

रकाना ८. तातडीने केलेली उपाययोजना.

स्वानसीच्या क्लिनिकची रिसेप्शनिस्ट फार गोड बोलायची आणि काहीही करायची नाही. अपॉइंटमेंट रद्द करायला डॉक्टर लागतात. डॉक्टर रजेवर, थेट गुरुवारी येणार. मग प्रोफेसर हॅलम यांनी सांगावं. मंजिरी म्हणाली, मी ह्या संशोधनाची पॅथॉलॉजिस्ट आहे, मी सांगतेय. तुमचं नाव यादीत दिसत नाही, रिसेप्शनिस्ट म्हणाली, आणि नावाचं स्पेलिंग विचारलं. मंजिरीने सांगितलं. मधलं ‘जे’ हे अक्षर ऐकून तिने ‘जी’ लिहिलं, म्हणून पुन्हा सांगितलं. तरीही यादीत नव्हतं. मग तिला होल्डच्या संगीतावर टाकलं.

ईशानी शेजारी उभी राहून संगीत ऐकत होती.

“ताई, तू ओरड ना तिच्यावर.”

“ओरडून ह्या देशात कधी काही झालंय?”

संगीत थांबलं. मंजिरीने आवाज खाली आणला आणि एकेक शब्द वेगळा करून सांगितलं, की स्प्रिंगबरोबर आलेला संशोधनाच्या कराराचा कागद काढा, सुरक्षेचा भाग वाचा. धोका दिसला तर संशोधनातला कोणीही माणूस उपचार थांबवू शकतो. कोणीही. रिसेप्शनिस्टने कागद शोधला. बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, बरं. आवाजातला गोडवा गेला होता, आणि मंजिरीला पहिल्यांदाच ती माणूस वाटली.

मग कारण. कॉम्प्युटरमध्ये चार कारणं होती: रुग्ण आजारी, डॉक्टर आजारी, हवामान, उपकरण. यातलं कुठलंच नको असेल तर पंधरा अक्षरांत लिहायचं.

“लिहा, मुळं विरघळतात,” मंजिरी इंग्लिशमध्ये म्हणाली. इंग्लिशमध्ये ते चौदा अक्षरांत बसलं.

रिसेप्शनिस्टने ते टाईप केलं. मग विचारलं, “कोणाची?”

“अजून कोणाची नाही. म्हणूनच फोन केलाय.”

तिने आठही नावं रद्द करायला घेतली. मुलांच्या आयांना ती उद्या सकाळी फोन करणार होती. काही जण नऊ महिने थांबलेत, ती म्हणाली, फार चिडतील. चिडू देत, मंजिरी म्हणाली, माझा नंबर द्या. ईशानीने न विचारता नंबर कागदावर लिहून तिच्यापुढे धरला. मंजिरीने तो ऐकवला नाही. आधी वाकून पाहिला, मग सांगितला.

प्रत्येक नावाला पलीकडे एक टक् वाजत होतं. मंजिरी बोटांवर मोजत होती. सहा झाले आणि रिसेप्शनिस्ट म्हणाली की दुसऱ्या लाइनवर कोणीतरी आहे, एक मिनिट, आणि पुन्हा संगीत सुरू झालं.

गॅरेथ कोट घालून दाराशी आला. साडेपाच वाजून गेले होते. लॅब बंद करायची का, असं त्याने खुणेनेच विचारलं. मंजिरीने दोन बोटं वर केली आणि फोन कानाशी तसाच धरून ठेवला.